इंजेक्शन बंद करू का?

प्रश्न : डॉक्टरताई, माझा मुलगा ८ वर्षांचा आहे. तीन महिन्यांपूर्वी तो एकाएकी वाळला. सारखं पाणी प्यायचा, रात्रीत चार-पाचदा लघवीला उठायचा, अंथरूणही ओलं करू लागला. आधी जंतांचं औषध दिलं, मग कोणी लघवीचा संसर्ग म्हणालं. एके दिवशी उलट्या करत निपचित पडला तेव्हा दवाखान्यात शुगर तपासली. ५०० च्या वर निघाली. टाइप १ मधुमेह सांगितला. घरी आलो तेव्हा दिवसाला १८ युनिट इन्सुलिन लागत होतं. आता डॉक्टरांनी ते कमी करत करत ६ युनिटांवर आणलंय, तरी शुगर चांगली असते. वजन भरून २२ किलो झालंय. सासूबाई म्हणतात, आजार गेला, पोराला टोचणं बंद कर. माझ्या आतेसासूबाईंच्या ओळखीचे एक जण औषध देतात. त्यांची अट अशी की आधी इंजेक्शन पूर्ण थांबवायचं. इन्सुलिनची सवय लागली की जन्मभर सुटत नाही, असंही ते म्हणाले. स्ट्रिपा आणि सुयांचा खर्च झेपत नाही म्हणून मिस्टरांचंही मन डळमळलंय. त्यातच डॉक्टरांनी थायरॉईडची तपासणी लिहून दिलीय. मधुमेहात थायरॉईड कशाला? मला सातवा महिना चालू आहे. येणाऱ्या बाळालाही हे होईल का? मुलाच्या वेळी मी गोड फार खाल्लं म्हणून त्याला हे झालं, असं घरात बोललं जातं. परवा त्याने विचारलं, "आई, मी बरा झालो ना?" मला काही बोलता आलं नाही.
– एक आई

उत्तर : ताई, उत्तर आधी देते, कारणं मागाहून. इंजेक्शन बंद करू नका. त्या औषधासाठी नाही, 'दोन दिवस बघू तरी' म्हणूनही नाही. हे तुमच्या हाती पडेपर्यंत कोणी ते थांबवलंच असेल, तर पुढचं वाचत बसू नका. मुलाची शुगर तपासा, तुमच्या डॉक्टरांना फोन लावा. त्याला उलट्या होत असतील, पोटात दुखत असेल किंवा धाप लागली असेल, तर वेळ न घालवता मोठ्या दवाखान्यात न्या.

आता १८ चे ६ कसे झाले ते सांगते. टाइप १ मधुमेहात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते. हे महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं आतल्या आत चालतं. लक्षणं दिसेपर्यंत बहुतेक पेशी गेलेल्या असतात, पण सगळ्या नाही. ज्या उरतात त्याही वाढलेल्या शुगरने दमून काम टाकून देतात. तुमचा मुलगा निपचित पडला तेव्हा हेच झालं होतं. मग बाहेरून इन्सुलिन मिळालं, शुगर उतरली, त्या दमलेल्या पेशींना उसंत मिळाली आणि त्या पुन्हा थोडंफार इन्सुलिन बनवू लागल्या. आतून थोडं येतंय म्हणून बाहेरचं कमी लागतंय, एवढाच त्या ६ युनिटांचा अर्थ. आणि ती ६ युनिटं मिळतायत म्हणूनच आतलं काम चालू आहे. ती काढून घेतली की उरलेल्या पेशी पुन्हा ओझ्याखाली येणार आणि पूर्वीपेक्षा लवकर संपणार.

डॉक्टर मंडळी या काळाला 'हनिमून' म्हणतात. आठ वर्षांच्या मुलाच्या आईसमोर हा शब्द वापरणं मला कधीच जमलं नाही. मी 'उसंतीचा काळ' म्हणते. ही उसंत काही आठवड्यांची असते, बऱ्याचदा काही महिन्यांची, क्वचित वर्षभराहून जास्त. मग ती संपते, कधी हळूहळू, कधी एखाद्या तापासरशी. २२ किलोच्या मुलाला पुढे दिवसाला साधारण १५ ते २२ युनिट लागू शकतात. वयात येताना त्याहूनही जास्त, कारण त्या वयातली हार्मोन्स इन्सुलिनचा जोर कमी करतात. हे आत्ताच सांगून ठेवते. डोस परत वाढू लागेल तेव्हा घरात कोणीतरी म्हणेलच, 'बघ, लागली ना सवय?' त्या दिवशी तुमचं काही चुकलं असं मनात आणू नका. उसंत संपली, इतकंच.

आणि सवयीचं म्हणाल तर इन्सुलिनची गरज त्याला जन्मापासूनच आहे. तुम्हाला, मला, सासूबाईंनाही आहे. आपलं आतून येतं, त्याचं आता सुईतून येतं.

त्या औषधवाल्यांबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण या काळातला खरा धोका तिथेच आहे. उसंतीच्या काळात कोणीही काहीही दिलं, पावडर, काढा, मंतरलेलं पाणी, तरी काही दिवस शुगर बरी दिसू शकते. ते काम मुलाच्या उरलेल्या पेशींचं असतं, पण नाव पावडरीचं होतं. घरच्यांचा विश्वास बसतो. मग त्या पेशी हात टेकतात. तोवर इन्सुलिनची सवय मोडलेली असते, शुगर तपासणंही सुटलेलं असतं, आणि मुलाला सर्दी-ताप झालाय असं वाटून आणखी दोन दिवस जातात.

अशीच एक दहा-अकरा वर्षांची मुलगी पहाटे चारच्या सुमारास आमच्याकडे आली होती. इंजेक्शन थांबवून नऊ दिवस झाले होते. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे पडून फुटलेले, आणि श्वास असा की जणू ती लांबून धावत आली आहे. वाटेतल्या एका दवाखान्यात न्यूमोनिया म्हणून औषध दिलं होतं. पण छातीला स्टेथोस्कोप लावला तर फुप्फुसं स्वच्छ. तिच्या तोंडाजवळ वाकले तेव्हा अतिपिकलेल्या फळासारखा गोडसर, आंबूस वास आला. तो वास एकदा ओळखीचा झाला की माणूस विसरत नाही. इन्सुलिन नसलं की शरीर साखर वापरू शकत नाही, चरबी जाळायला लागतं, त्यातून कीटोन नावाची आम्लं साठतात आणि रक्तातलं आम्ल कमी करायला मूल खोल खोल श्वास घेतं. तिच्या आईने पिशवीतून इन्सुलिनची बाटली काढून दाखवली. अर्ध्याहून जास्त भरलेली. ती टाकवली नव्हती हो तिला, नीट जपून ठेवली होती. ती मुलगी चार दिवसांनी शुद्धीवर येऊन जेवली. त्याच्या आदल्या वर्षी असाच आलेला एक मुलगा आमच्या हातून गेला होता.

म्हणून ज्याची पहिली अटच 'इन्सुलिन थांबवा' अशी आहे, त्याच्या दारात मुलाला नेऊ नका. पूजा-प्रार्थना करायची असेल तर खुशाल करा, मी कधी कोणाला अडवलं नाही. पण सुई चालू ठेवून.

आतेसासूबाई कदाचित म्हणतील, 'अमक्याच्या बाळाचं इंजेक्शन सुटलं, आता गोळ्यांवर आहे.' तसं खरंच घडतं, आणि ते लपवण्यासारखं नाही. जन्मानंतर पहिल्या ६ महिन्यांत मधुमेह झालेल्या बाळांमध्ये तो बहुतेकदा एका जनुकातल्या बिघाडाने होतो. त्यातली बरीच बाळं इन्सुलिन सोडून गोळ्यांवर राहू शकतात, हे २००६ मध्ये नीट सिद्ध झालं. तो आजारच वेगळा. तिथेही जनुकाची तपासणी करून डॉक्टरच बदल करतात. तुमचा मुलगा सात-आठ वर्षांचा झाल्यावर, पेशी गेल्यामुळे आजारी पडलाय. त्याला तो नियम लागू नाही.

इन्सुलिनच्या आधी अशा मुलांचं काय व्हायचं तेही घरात सांगा. १९२१ पर्यंत जगातल्या कुठल्याही डॉक्टरकडे त्यांच्यासाठी औषध नव्हतं. जवळजवळ उपाशी ठेवून मरण काही महिने लांबवायचे, एवढंच हातात होतं. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. हाडांचा सापळा झालेला तो मुलगा त्यानंतर तेरा वर्षं जगला. आज चांगलं इन्सुलिन, शुगरचं मशीन आणि शिकवणारं माणूस या तीन गोष्टी मिळाल्या तर मूल म्हातारं होईपर्यंत जगतं. पण त्या सगळ्यांना मिळत नाहीत. २०२२ मध्ये एक मोठा जागतिक अभ्यास आला. श्रीमंत देशात दहाव्या वर्षी टाइप १ झालेलं मूल त्यानंतर सरासरी ६५ वर्षं जगतं आणि सर्वांत गरीब देशांत सरासरी १३ वर्षं, असा त्यातला हिशेब आहे. वय तेच, आजार तोच. मधली ५२ वर्षं मधुमेहाने नेलेली नाहीत. ती न मिळालेल्या इन्सुलिनने, उशिरा कळलेल्या निदानाने आणि 'थांबवा'च्या सल्ल्यांनी नेली आहेत. तुमच्या घरात इन्सुलिन आहे, निदानही झालंय. तिसरी गोष्ट तुमच्या हातात आहे.

मिस्टरांच्या काळजीला मी हलकं लेखत नाही. खर्च खरा आहे, रोजचा आहे आणि जन्मभराचा आहे. पण तुमच्या डॉक्टरांना हे स्पष्ट शब्दांत कोणी सांगितलंय का, की 'आम्हाला हे झेपत नाही'? बरेच आईबाप लाजेने सांगत नाहीत आणि गुपचूप डोस अर्धा करतात. तसं नका करू. महागडं पेनमधलं इन्सुलिन लिहिलं असेल, तर 'ह्युमन' (मानवी) नावाने मिळणारं जुनं इन्सुलिन बाटलीतून सिरिंजने घेता येतं. ते स्वस्त असतं आणि नीट वापरलं तर मूल त्यावर चांगलं वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ मध्ये अत्यावश्यक औषधांची पहिली यादी केली, तेव्हापासून इन्सुलिन तिच्यात आहे. म्हणून सरकारी रुग्णालयात ते मोफत मिळतं का, हे आधी विचारा. 'लाइफ फॉर अ चाइल्ड' हा कार्यक्रम २००० पासून आणि 'चेंजिंग डायबिटीज इन चिल्ड्रन' हा २००९ पासून गरीब देशांतल्या मुलांना इन्सुलिन, स्ट्रिपा आणि शिक्षण पुरवतात. त्यांचं काम स्थानिक रुग्णालयांमार्फत चालतं. तुमच्या डॉक्टरांना नाव घेऊन विचारा, आणि मधुमेही मुलांची नोंद ठेवणारं केंद्र कुठलं, तेही.

पण बाटली बदलली तर एका गोष्टीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. काही देशांत दोन ताकदींचं इन्सुलिन मिळतं. बाटलीवर ४० किंवा १०० असा आकडा असतो, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये किती युनिट. सिरिंजवरही तोच आकडा हवा. बहुधा ४० च्या सिरिंजचं टोपण लाल असतं, १०० चं नारंगी. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये भरलं तर मुलाला अडीच पट डोस जातो, आणि उलट झालं तर निम्म्याहूनही कमी. दर वेळी दुकानातून आणलं की दिव्याखाली धरून दोन्ही आकडे मिस्टरांकडून मोठ्याने वाचून घ्या. दुधाळ इन्सुलिनची बाटली हलवून फेस काढायचा नाही. दोन्ही तळहातांत धरून वीसेक वेळा सावकाश घोळवायची, सगळं सारखं पांढरं दिसेपर्यंत.

स्ट्रिपा कमी असतील तर त्या विचार करून वापरा. रोज दोनच परवडत असतील तर एक दिवस सकाळी नाश्त्याआधी आणि रात्री जेवणाआधी, दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाआधी आणि झोपताना, अशी वेळ फिरवा. आठवड्याभरात वहीत पूर्ण दिवसाचं चित्र उभं राहतं. एकाच वेळेची शुगर तीस दिवस लिहिलेली वही माझ्या फार उपयोगाची नसते. फक्त दोन वेळा काटकसर नको : मूल आजारी असताना, आणि शुगर उतरल्यासारखी वाटताना.

फ्रीज नसेल किंवा वीज जात असेल, तर तेही इन्सुलिन बंद करायचं कारण नाही. न फोडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या. बर्फाला चिकटून गोठल्या तर फेकून द्यायच्या. वापरातली बाटली उन्हापासून दूर, सावलीत, गार जागी साधारण चार आठवडे चालते. एका मातीच्या भांड्यात दुसरं लहान भांडं, मध्ये ओली वाळू, वर ओलं फडकं. हवा कोरडी असेल तर आतलं तापमान चांगलंच उतरतं. दमट हवेत हा उपाय फारसा चालत नाही. केनियातल्या दागाहाले निर्वासित छावणीतल्या घरांची तापमानं मोजून 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' आणि जिनिव्हा विद्यापीठाने एक अभ्यास केला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. २५ ते ३७ अंशांत वरखाली होणाऱ्या उष्णतेतही चार आठवडे इन्सुलिनची ताकद टिकली होती. मातीच्या भांड्यात ठेवताना बाटली पाण्यात बुडू नये म्हणून आधी डबीत घाला.

आजारपणाचा एक नियम भिंतीवर लिहून ठेवा : मूल जेवलं नाही तरी इन्सुलिन पूर्ण थांबवायचं नाही. तापात शरीराची गरज बहुधा वाढते. दर दोन-तीन तासांनी शुगर, भरपूर पाणी, लघवीतले कीटोन तपासायची पट्टी असेल तर ती. डोस किती, ते डॉक्टरांना फोनवर विचारून ठरवायचं. दोनपेक्षा जास्त उलट्या झाल्या, श्वास खोल चालू लागला किंवा मूल गुंगीत गेलं, तर घरी थांबायचं नाही.

आणि शुगर उतरली तर? उसंतीच्या काळात हे जास्त होऊ शकतं, म्हणूनच तुमच्या डॉक्टरांनी डोस उतरवत आणलाय. हात थरथरणं, घाम, एकाएकी चिडचिड, पांढराफटक चेहरा. ७० च्या खाली असेल, किंवा तपासायला स्ट्रिप नसेल, तर लगेच दोन-तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी परत पाहा. मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही. कुशीवर वळवा, गालाच्या आत थोडा मध किंवा साखरेचा पाक बोटाने चोळा, आणि दवाखाना गाठा. शाळेतल्या बाईंना हे शिकवून ठेवा आणि दप्तरात साखरेची पुडी असू द्या. मुलाला खेळू द्या. सारखी शुगर उतरत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते डोस आणखी कमी करतील. डोस कमी करणं वेगळं, आपल्या मनाने बंद करणं वेगळं.

आता थायरॉईड. ती तपासणी बिल वाढवायला लिहिलेली नाही. जी प्रतिकारशक्ती स्वादुपिंडावर उलटली, ती काही मुलांत पुढे थायरॉईड ग्रंथीवरही उलटते. म्हणून टाइप १ च्या प्रत्येक मुलाची ही तपासणी पहिल्या आजारपणातून सावरल्यावर एकदा आणि मग दर एक-दोन वर्षांनी करायची असते. थायरॉईड मंदावला तर उंची अडते, बद्धकोष्ठता होते, मूल सुस्त होतं आणि शुगरही वारंवार उतरू शकते. गव्हाच्या प्रथिनामुळे होणाऱ्या सिलिअॅक या आतड्याच्या आजाराचंही तसंच. आणि एक दुर्मिळ गोष्ट सांगते, कारण ती नेमकी तुमच्या प्रश्नाशी येऊन मिळते : इन्सुलिनची गरज घटतेय, पण मूल थकतंय, वजन उतरतंय, कातडी आणि हिरड्या काळवंडतायत, मीठ मागून खातंय, असं असेल तर किडनीवरच्या अॅड्रीनल ग्रंथी तपासाव्या लागतात. तुमच्या मुलाचं वजन भरतंय आणि निदानाला तीनच महिने झालेत, त्यामुळे ही उसंतच असणार. तरी 'डोस का उतरला' हे पाहणाऱ्या डॉक्टरांवर तुम्ही विश्वास ठेवावा असं मला वाटतं. तपासणीसोबत एक फुकटचं कामही करा. दर तीन महिन्यांनी त्याला भिंतीला टेकवून उंचीची खूण करा. या वयात वर्षाला साधारण ५-६ सेंटिमीटर वाढ व्हायला हवी, ४ पेक्षा कमी दिसली तर दाखवा.

बाळाचं. मुलाच्या वेळी तुम्ही गोड खाल्लंत म्हणून त्याला टाइप १ झालेला नाही. त्यानेही गोड खाल्लं म्हणून झालेला नाही. हे वाक्य मिस्टरांना मोठ्याने वाचायला सांगा, घरातल्या सगळ्यांसमोर. भावंडाला टाइप १ होण्याची शक्यता आयुष्यभरात शंभरात पाचेक असते. म्हणजे शंभरातल्या पंचाण्णव भावंडांना तो होत नाही. गरोदरपणात त्यासाठी करण्यासारखं काही नाही, आणि बाळाला अंगावर पाजायला काही अडचण नाही.

पण बाळासाठी काही मागून घ्यायचंच असेल, तर बाळंतपण जिथे होणार आहे तिथे आत्ताच जाऊन विचारा : जन्मानंतर टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन थायरॉईड तपासता का? मधुमेहाशी याचा संबंध नाही. प्रत्येक बाळाला हे हवं. साधारण दोन ते चार हजार बाळांमागे एकाची थायरॉईड ग्रंथी जन्मतःच काम करत नाही. आईचं हार्मोन पोटात असताना मिळालेलं असतं म्हणून बाळ जन्मताना अगदी ठीक दिसतं. पुढे कावीळ लांबते, आवाज घोगरा येतो, बाळ फार झोपतं, दूध प्यायला उठवावं लागतं. आणि घरातले कौतुक करतात, 'किती गुणी, रडतच नाही!' हे कौतुक मी फार ऐकलंय, आणि त्या बाळांना वर्षभरानंतर मान न धरता आलेलंही पाहिलंय. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची गोळी चुरून, चमचाभर दुधातून सुरू केली तर बाळाचा मेंदू इतरांसारखा वाढतो. उशीर झाला तर गेलेलं परत येत नाही. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात ही तपासणी १९७४ मध्ये सुरू झाली, आणि अजूनही अनेक गरीब देशांत ती सगळ्या बाळांपर्यंत पोचलेली नाही. तुमच्याकडे होत असेल तर जन्मानंतर दोन ते पाच दिवसांत करून घ्या, आणि निकाल हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. न कळवलेले निकाल मी कपाटात पडलेले पाहिले आहेत. याच थेंबांतून काही ठिकाणी अॅड्रीनल ग्रंथीचा जन्मजात दोषही तपासतात. त्यात बाळ दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या करून एकदम खंगतं, अंगातलं मीठ निघून जातं. मुलग्यांमध्ये बाहेरून काहीच दिसत नसल्याने ते जुलाब-उलट्यांचं समजून हातचं जातं. हायड्रोकॉर्टिसोनसारख्या गोळ्यांनी ही बाळं जगतात.

सासूबाईंशी भांडू नका, ताई. नातवाला रोज टोचताना त्यांना बघवत नाही, त्यांचं बोलणं तिथून येतं. त्यांना पुढच्या वेळी दवाखान्यात सोबत न्या आणि 'डोस का उतरला' हा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या. घरी त्यांच्याकडे एक काम सोपवा. शुगरची वही, किंवा रात्रीच्या इंजेक्शनची आठवण. अशाच एक आजीबाई आमच्याकडे यायच्या. अक्षरओळख नव्हती, पण मशीनवरचे आकडे बघून बघून वहीत चित्रासारखे उतरवून आणायच्या. एकही दिवस चुकलेला नसायचा.

आणि मुलाचा प्रश्न. त्याला 'हो, बरा झालास' म्हणू नका. दोन महिन्यांनी डोस वाढेल तेव्हा तो तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. 'नाही' म्हणून मोकळंही होऊ नका. जवळ घेऊन सांगा, "तू आता आजारी नाहीस. तुझ्या पोटात इन्सुलिन नावाची गोष्ट कमी बनते, ती आपण सुईने भरतो, म्हणून तू धावतोस, शाळेत जातोस." तो विचारेल, कधीपर्यंत? "रोज. मोठा झालास तरी. तुझ्यासारखी खूप मुलं रोज घेतात." तो रडेल कदाचित. रडू द्या. मग संध्याकाळी सुई भरल्यावर त्यालाच विचारा, आज पोटावर की मांडीवर? तो बोट ठेवेल तिथे टोचा, फक्त कालची जागा सोडून.